पडदा बांबूचा, पण काचेच्या कुठल्या बाजूला?

एप्रिल लागला की ठरल्याप्रमाणे येणारा मेसेज यंदाही आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या. मजकूर थोडक्यात असा: सगळ्या खिडक्यांना बांबूचे पडदे लावा, खोली दहा अंशांनी थंड होते, एसी लागत नाही. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. बांबूला कीड लागत नाही, पावसाने काही होत नाही. शंभर टक्के नैसर्गिक, शिवाय पैसा थेट गावातल्या कारागिराच्या हातात. आणि एकदा लावला की दहा वर्षं बघायला नको. सोबत एका दिवाणखान्याचा फोटो: पडदा काचेच्या आतल्या बाजूला, खाली पितळी घंगाळ.

आमच्या पुण्यातल्या घरात पश्चिमेच्या खिडकीला हे चिकाचे, म्हणजे बांबूच्या काड्या दोऱ्याने गुंफलेले, पडदे आहेत आणि मला ते आवडतात. पहिली खरेदी असाच एक मेसेज खरा मानून केली होती, म्हणून बोलते.

दहा अंशांचं आधी बघू. ऊन काचेतून सहज आत येतं आणि पडद्यावर पडतं. पडदा तापतो. तापलेल्या पडद्यातून निघणारी उष्णता मात्र काचेतून आली तशी परत जात नाही, काच तिला अडवते. पडदा आणि काच यांच्या फटीतली हवा गरम होऊन वर चढते आणि वरच्या बाजूने खोलीतच उतरते. म्हणजे फोटोतला तो पडदा ऊन अडवतोय खरा, पण घरात घेऊन अडवतोय. खोटं वाटत असेल तर दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतल्या अशा पडद्याला हात लावून बघा. काहीच फायदा नाही असं नाही. ऊन अंगावर येत नाही, फरशी तापत नाही, फिकट रंगाचा पडदा थोडा उजेड परत बाहेर फेकतो. पण दहा अंश? पडदा सावली देतो, गारवा तयार करत नाही.

जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत हे पडदे कुठे असायचे ते आठवा. ओसरीला, व्हरांड्याला, गॅलरीच्या कमानीत. भिंतीच्या बाहेर. ऊन खिडकीपर्यंत पोचायच्या आतच अडायचं आणि तापलेला पडदा आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन टाकायचा. तोच पडदा काचेच्या बाहेर टांगला की फरक खरोखर जाणवतो.

मग हा दहाचा आकडा आला कुठून? माझा अंदाज असा, की कुणीतरी चिकाच्या पडद्यात आणि वाळ्याच्या पडद्यात गल्लत केली आहे. विदर्भात, खानदेशात उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे दाराला लावून त्यांवर पाणी मारत. बाहेरची कोरडी गरम हवा त्या ओल्या मुळ्यांतून आत येताना पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते. कूलरचं तत्त्व तेच. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर आणि हवा ठणठणीत कोरडी, अशा नागपुरात ही युक्ती झकास चालते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग नाही, उलट खोली चिकचिकीत होते. कोरड्या बांबूच्या काड्यांशी तर या सगळ्याचा काही संबंधच नाही.

'सगळ्या खिडक्यांना लावा' हेही फुकटचा खर्च वाढवणारं. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ येतच नाही. ते येतं डिसेंबरात, आणि तेव्हा हवंच असतं. उन्हाळ्यात छळतात त्या पूर्व-पश्चिमेच्या खिडक्या. विशेषतः पश्चिम, कारण तिथलं ऊन तिरपं असतं आणि छज्जा त्याला अडवू शकत नाही. पैसे मोजके असतील तर सगळे तिथे घाला.

फ्लॅटमध्ये बाहेर कसा लावायचा, हा प्रश्न बरोबर आहे. खिडकीला बाहेर काढलेली बॉक्स ग्रिल असेल तर ग्रिलच्या आत पण सरकत्या काचेच्या बाहेर, ही जागा या पडद्यासाठीच केल्यासारखी असते. आधी सोसायटीला विचारा. माप घेताना खिडकीपेक्षा दोन्हीकडे चार-चार बोटं जास्त धरा, नाहीतर कडेने उन्हाची पट्टी आत येतेच. बांबूची गुंडाळी कापडासारखी चपटी बसत नाही, जाडजूड होते, तेव्हा वर तिला जागा आहे का तेही बघा. खालची दोन टोकं ग्रिलला बांधायची, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात पडदा रात्रभर आपटत बसतो. वरच्या मजल्यांवर, जिथे वारा कायम मोकाट असतो, तिथे हा नाद सोडलेला बरा.

बाहेरून आतलं दिसत नाही, हे दिवसा खरं. रात्री दिवा लावा आणि खाली जाऊन आपल्याच खिडकीकडे बघा. उजेड ज्या बाजूला, ती बाजू समोरच्याला दिसते. झोपायच्या खोलीला आतून कापडी पडदा हवाच.

आता कीड. इथे मेसेजने अगदी उलटं सांगितलंय. बांबूत पिष्ट असतं आणि एका बारीकशा भुंग्याला नेमकं तेच हवं असतं. माझ्या पहिल्या पडद्याखाली दोन महिन्यांतच खिडकीच्या कट्ट्यावर पिठीसारखा भुगा साठायला लागला. मी रोज पुसत होते आणि रस्त्याच्या धुळीला शिव्या घालत होते. काड्यांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तेव्हा उजेड पडला. दुकानदार म्हणाला, "ताई, नैसर्गिक आहे, असं होणारच." त्याचं चुकलं नव्हतं, फक्त विकतानाही हेच सांगायला हवं होतं!

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. म्हणून तीन-चार वर्षांचा जून बांबू, तोही पाऊस सरल्यावर तोडायचा आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे आतलं पिष्ट निघून जातं. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवतात. असं काही केलंय का, एवढं दुकानात विचारा. आणि पांढऱ्या कागदावर पडदा झटकून बघा, भुगा पडला तर पाया पडून निघा. बाहेरच्या सालीकडून काढलेली काडी कडक आणि चकचकीत असते, ती जास्त टिकते. आतल्या बाजूची मऊ, फिकट काडी भुंग्याला आधी सापडते.

पावसाचंही तसंच. ती बोरॅक्सची प्रक्रिया पाण्यात विरघळणारी, पडदा सतत झडीत भिजत राहिला तर ती हळूहळू धुऊन जाते. वर काळी-हिरवी बुरशी धरते, ती वेगळीच. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात पडदा उतरवतो, उन्हात वाळवून माळ्यावर टाकतो. कोकणात तर याला पर्याय नाही.

गावातल्या कारागिराचं मात्र मनापासून वाईट वाटतं, कारण हे खरं असतं तर मला हवंच होतं. सुपं, टोपल्या, परड्या विणणारे बुरूड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सिंधुदुर्गात घराभोवती माणगा जातीचा बांबू लावतात, भरीव आणि बिनकाट्याचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने वटहुकूम काढून वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळलं, त्यामुळे शेतकऱ्याला तो तोडणं-नेणं सोपं झालं. पण म्हणून बाजारातला प्रत्येक पडदा तिथून आलेला नसतो. बऱ्याच काड्या यंत्रावर ओढलेल्या असतात. काही पडदे बांबूचे नसून उत्तरेकडच्या सरकंड्याचे असतात: बोरूसारखी गोल काडी, आत भुसभुशीत. काही चक्क प्लास्टिकचे. काडीवरची पेरं बघा. खऱ्या बांबूत ती वेडीवाकडी कुठेही येतात, प्लास्टिकमध्ये तीच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा. पावसात उघड्या गच्चीला प्लास्टिकचा पडदा घेण्यात मला गैर वाटत नाही, फक्त तो बांबू म्हणून बांबूच्या भावात घेऊ नये. आणि शंभर टक्क्यांचं म्हणाल तर काड्या गुंफणारा दोरा बहुतेक वेळा नायलॉनचा असतो.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: ओढायची दोरी. घरात रांगतं-चालतं मूल असेल तर लोंबणारा फास ठेवू नका. मुलांच्या गळ्याला फास बसल्याच्या घटना घडलेल्या आहेत. उंचावर खिळा मारून दोरी त्याला गुंडाळा आणि पलंग किंवा पाळणा खिडकीला लावू नका.

राहिली दहा वर्षं. बाहेरच्या उन्हात काड्या करड्या पडतात, पण आधी जातो तो दोराच. माझ्या पडद्याच्या खालच्या चार काड्या सुटून लोंबतायत. काड्या ठणठणीत आहेत. कपाटातून सुती दोरा काढून ठेवलाय, रविवारी दुपारी बसणार आहे.