वाटी भरलेली होती

दोन वर्षांपूर्वी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तेव्हा माझ्या बजीचा पिंजरा शेजारच्या काकूंकडे ठेवला होता. (लव्हबर्ड म्हणून आपल्याकडे जो चिमुकला हिरवा-पिवळा पक्षी विकतात, तो बहुतेकदा बजी असतो. मूळचा ऑस्ट्रेलियाचा.) जाताना सांगितलं, "वाटी रिकामी दिसली की बाजरी टाका." तिसऱ्या दिवशी परतले तर बजी पिंजऱ्याच्या तळाशी निपचित पडलेला. गेला होता.

"वाटी त भरेलच व्हती वं माय," म्हणत काकू रडत होत्या. खरंच भरलेली होती. मी फुंकर मारली आणि सगळं उडालं. नुसती फोलं! बजी दाणा चोचीत फिरवून सोलतो, आतला कण खातो आणि साल तिथंच टाकतो. वरून वाटी काठोकाठ दिसते. तीस-चाळीस ग्रॅम वजनाचा जीव, उपाशी किती तग धरणार? काकूंचा काहीच दोष नाही. मी रोज सकाळी वाटी पाखडून नवी बाजरी भरायचे, तेवढंच सांगायचं राहून गेलं.

म्हणूनच "पाखरूले काय लागस, मूठभर बाजरी" हे वाक्य कुणी बोललं की मला राहवत नाही. मूठभर बाजरीनं भागत नाही हो. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या बजीला अ जीवनसत्त्व कमी पडतं, यकृतावर चरबी चढते. सूर्यफुलाच्या बिया तर आवडीनं खातो, पण त्या तेलकट, कधीतरी दोन-चार पुरे. बाजरीबरोबर राळं द्या. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर द्या, पण फवारणीचा माल असतो, चांगलं धुऊन. भाद्रपदात बाजरीचं कोवळं कणीस मिळालं तर अख्खं टांगा आणि बघा, उलटा लटकून कसा एकेक दाणा टिपतो ते! पिंजऱ्यात समुद्रफेसाचा (माकूळ या समुद्रजीवाच्या पांढऱ्या हाडाचा) तुकडा अडकवा, कॅल्शियम मिळतं. शेव, चहात बुडवलेलं बिस्कीट, चॉकलेट मात्र लाडानंसुद्धा नको.

पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो. आपल्याला वाससुद्धा येत नाही.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो आणि लोक पिंजरा पत्र्याखालच्या गॅलरीत टांगून ठेवतात. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून तो धापा टाकतो, तेव्हा त्याला उन्हाचा त्रास होतोय. घरात आणा. कूलरच्या खोलीत ठेवा, पण थेट झोतात नको. पसरट ताटलीत पाणी द्या, अंघोळ करेल. पिण्याचं पाणी दिवसातून दोन-तीनदा बदला.

बजी आपला आजार शेवटपर्यंत लपवतो. पिसं फुगवून गप्प बसला, दर श्वासाला शेपटी वरखाली व्हायला लागली, तर डॉक्टरकडे नेणं उद्यावर ढकलू नका. मी आता दर रविवारी किचनच्या वजनकाट्यावर दोघांना तोलते. हो, आता जोडी आहे. एकट्याला करमत नाही, थव्यातला पक्षी आहे तो.

यंदाही अखाजीला माहेरी जाणार आहे. पिंजरा काकूंकडेच राहील. परवा त्या स्वतः घरी आल्या, वाटी हातात घेतली, हलकेच फुंकर मारली आणि मला विचारलं, "असंच ना वं?"