गुडघ्याला बाशिंग बांधलेले पोल

सकाळी सकाळी ग्रुपवर ग्राफिक येऊन पडलं: 2028 ला अमेरिकेत कोण पुढे! खाली हाणामारी सुरू. अरे, अजून उमेदवार ठरायचेत!

1988 आठवा. जुलैत डेमोक्रॅटिक पक्षाचं उमेदवार जाहीर करायचं अधिवेशन उरकल्याबरोबर गॅलप या संस्थेच्या पोलमध्ये (मतदारांच्या पाहणीत) त्यांचे उमेदवार डुकाकिस 17 टक्क्यांनी पुढे. नोव्हेंबरात रिपब्लिकनांच्या थोरल्या बुशनी 40 राज्यं मारली. चार महिन्यांत हे होतं, आणि आपण वर्षांच्या गप्पा मारतोय.

इतक्या आधी 'आज मतदान झालं तर कुणाला?' असं विचारलं की माणूस कानावरचं नाव सांगून मोकळा होतो. 2007 मध्ये रिपब्लिकनांत जुलियानी पुढे होते, कारण 9/11 च्या वेळचा न्यूयॉर्कचा महापौर सगळ्यांना ठाऊक. सगळी भिस्त फ्लोरिडातल्या पक्षांतर्गत निवडणुकीवर ठेवली, तिथे तिसरे आले. उमेदवारी मकेनना.

आणि आकडा वाचायचा तर नीट वाचा ना! हजार जणांच्या सॅम्पलखाली ±3 लिहितात, म्हणजे आकडा 3 टक्के इकडे-तिकडे असू शकतो; ते एकेका उमेदवाराच्या टक्क्यांसाठी. दोघांमधल्या फरकाला ते जवळपास दुप्पट होतं. म्हणजे 4 ची आघाडी धरूच नका. 'तरुण कुणाकडे' म्हणाल तर हजारात तिशीच्या आतले दीडशेच्या आसपास; तिथे ±8. शिवाय खरंच मत द्यायला कोण जाणार, ही चाळणी बरेच पोलवाले सप्टेंबरच्या सुमारास लावतात. आणि निकाल ठरतो राज्याराज्यांत, मग देशभराचा आकडा घेऊन करायचं काय? 2016 ला हिलरींना 2 टक्के मतं जास्त होती. तीन राज्यांतल्या मिळून 80 हजारांहून कमी मतांनी हरल्या.

हो, 2023 मध्ये ट्रम्प पक्षात पुढे होते आणि तेच उमेदवार झाले. मान्य. माजी अध्यक्षाचं नाव कुणाला माहीत नसतं? त्याच वर्षीचे बायडन-ट्रम्प पोल मात्र 21 जुलै 2024 ला बायडननी माघार घेतली तसे रद्दीत गेले.

पोलवाल्यांवर राग नाही, त्यांचं काम ते करतात. उमेदवारांना हे आकडे लागतातच: 2019 ला डेमोक्रॅट्सच्या पहिल्या डिबेटसाठी तीन पोलमध्ये 1 टक्का किंवा 65,000 देणगीदार, अशी अट होती.

न्यू जर्सीतल्या मंडळींनो, तुमचं तिथे मत आहे, काळजी समजते. पण दोन्ही अधिवेशनं होऊ द्या, वर दोन आठवडे जाऊ द्या. डुकाकिसची आघाडीही रिपब्लिकन अधिवेशनानंतर ऑगस्टमध्येच उडाली होती. मग चुरशीच्या राज्यांची सरासरी काढून बसू, हवं तेवढं भांडू. तोवर ते ग्राफिक मला तरी पाठवू नका.