बिझनेस क्लासमधली वाइन आणि आपली आडवी बाटली

म्युनिकच्या दक्षिणेला होल्झकिर्शन नावाचं गाव आहे. तिथल्या फ्राउनहोफर संस्थेत एअरबस ए-310 विमानाचा एक खरा भाग दाबकक्षात बसवलेला आहे. लुफ्तान्सासाठी तिथे हवेचा दाब आणि ओलावा कमी करून, इंजिनाचा आवाज ऐकवत माणसांना जेवू-पिऊ घातलं गेलं. उंचावर मीठ आणि साखर जिभेला बरीच कमी जाणवते, असं त्यातून दिसलं. त्याला कारण आहे. उडत्या विमानातली हवा 6,000 ते 8,000 फुटांवर असावी तितकी विरळ असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ. ओलावा 20 टक्क्यांच्याही खाली जातो. नाक कोरडं पडलं की वास मंदावतो, आणि वाइनची निम्मी गंमत तर वासातच असते. उरतो तो तुरटपणा आणि आंबटपणा. जमिनीवर भारदस्त वाटणारी, फ्रान्समधल्या बोर्दोची तरुण रेड वाइन वर गेल्यावर घसा ओढते.

म्हणून चांगल्या विमानकंपन्या वाइन निवडायला जाणकार नेमतात. लुफ्तान्साने मार्कुस डेल मोनेगो यांना घेतलं, जे 1998 साली जगातले सर्वोत्तम सोमेलिए, म्हणजे वाइन निवडून देणारे जाणकार, ठरले होते. सिंगापूर एअरलाइन्सच्या यादीमागेही अशा तज्ज्ञांचं मंडळ राहिलेलं आहे. पण यादी कितीही चांगली असली तरी शेवटी सगळं येऊन थांबतं ते ग्लास भरणाऱ्या हातावर. एका प्रवासात हवाईसुंदरीने बाटलीचं लेबल माझ्याकडे वळवलं, घोटभर ओतलं आणि मी मान हलवेपर्यंत थांबली. दुसऱ्या एका कंपनीच्या तेवढ्याच महागड्या सीटवर “रेड की व्हाइट?” एवढाच प्रश्न आला. कुठली व्हाइट, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, “व्हाइट वाइन, सर.” ती कोमट होती. लाखभराचं तिकीट काढलेल्या माणसाला साधं बाटलीचं नावही कुणी सांगू नये, याचा मला खरंच राग येतो.

इथे जर्मनीत किराणा दुकानात दुधापासून चार पावलांवर वाइन मिळते. बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षापासून विकत घेता येते. त्याचे दुष्परिणामही इथे आहेत. दारूचं व्यसन हा जर्मनीतलाही मोठा प्रश्न आहे. त्यामुळे ‘तिकडे बघा, सगळं कसं खुलं आहे’ असं मी म्हणणार नाही.

महाराष्ट्रात 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटात वाइन ठेवायला मंजुरी दिली, आणि गदारोळ उठला. ‘महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करू देणार नाही’ असं तेव्हाच्या विरोधकांनी म्हटलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अमलात आला नाही. गावोगावच्या बायका मतदान करून बाटली आडवी करतात, तेव्हा त्यांच्या मागे मोडलेले संसार असतात. त्या रागाची मला कदर आहे.

मात्र या वादात दुसरी एक गोष्ट कायमची मागे पडते. विकावी की नाही यावरच आपण इतके अडकतो, की वाइन कशी राखावी, किती गार द्यावी, कुणाला आणि किती ओतावी यावर बोलायची वेळच येत नाही. देशांतर्गत विमानांत दारू देतच नाहीत, त्यामुळे कर्मचाऱ्यांना रोजचा सरावही नसतो. नोव्हेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये नशेतल्या प्रवाशाने सहप्रवासी वृद्ध महिलेवर लघवी केल्याचा आरोप झाला. त्या प्रकरणात एअर इंडियाला 30 लाखांचा दंड झाला. त्यानंतर विमानातली दारूच बंद करा, असं माझ्याही नात्यातल्या मंडळींनी सुचवलं. माझ्या मते, प्रवाशाचे डोळे आणि बोलणं बघून पुढचा ग्लास नम्रपणे नाकारणं हे ओतण्याइतकंच कौशल्याचं काम आहे, आणि तेही शिकवावंच लागतं. बंदीने ते कोण शिकणार?

यात नाशिकचा थेट संबंध आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या उन्हात शिराझ ही रेड वाइनची द्राक्षं छान पिकतात, आणि पिकलेल्या फळाची, कमी तुरट वाइन हीच उंचावर जास्त टिकते. किंचित गोडसर शेनिन ब्लां ही व्हाइट वाइनही वर चांगली लागावी, अट एकच, ती नीट गार हवी. मुंबईहून उडणाऱ्या प्रत्येक लांबच्या विमानात या दोन बाटल्या नावानिशी यादीत असाव्यात, त्यांची चव कर्मचाऱ्यांनी स्वतः घेतलेली असावी, आणि नाशिकच्या वायनरींनी विमानकंपनीला बाटल्या पाठवण्याआधी त्या विमानात बसून चाखून बघाव्यात. होल्झकिर्शनला जायची गरज नाही; मुंबई-फ्रँकफर्टचं एक तिकीट पुरे.