‘२०० वॉट’चा दावा आणि बॅटरीचे गणित

जास्त ताकदीचे वेप, म्हणजे ई-सिगारेट, वापरणाऱ्यांमध्ये एक मजकूर बराच काळ हातोहात फिरतो आहे. दोन बॅटऱ्यांच्या, २०० वॉटच्या मॉडविषयी (मॉड म्हणजे वेपचा बॅटरी आणि सर्किट असलेला भाग) मालकाचा अनुभव म्हणून तो सांगितला जातो. त्यातले दावे थोडक्यात असे आहेत: मॉड खरोखर २०० वॉट देतो, कॉइलचा, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेचा, रोध फार खाली नेला नाही तर बॅटरीवर ताण येत नाही, आत सगळी संरक्षणे असल्यामुळे कोणतीही बॅटरी चालते, वॉट जितके वाढवावेत तितकी चव वाढते, लिक्विड मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम निकोटीनचे असल्याने निकोटीन नगण्य जाते, बाहेर येते ती पाण्याची वाफ, आणि महिनाभरात काहीही बिघडले नाही, म्हणून हे उपकरण निर्धोक आहे. लिहिणाऱ्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र हा मजकूर वाचून लोक सेल, म्हणजे सुट्या बॅटऱ्या, विकत घेतात आणि खिशात बाळगतात, त्यामुळे त्यातील प्रत्येक दावा तपासणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात २०० वॉटच्या आकड्यापासूनच करावी लागेल. अशा मॉडमध्ये सहसा १८६५० आकाराचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे दोन सेल एकसरीत जोडलेले असतात. २०० वॉटवर बटण दाबले की प्रत्येक सेलला १०० वॉट पुरवावे लागतात. सेल पूर्ण भरलेला असताना त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो, पण भार पडताच तो उतरतो, आणि सेल रिकामा होत आला की बरेच मॉड ३.२ व्होल्टच्या आसपास थांबतात. त्या टोकाला, सर्किटमध्ये दहा टक्के ऊर्जा वाया जाते असे धरले, तर प्रत्येक सेलमधून सुमारे ३५ अँपिअर प्रवाह ओढला जातो. आता सेल काय देऊ शकतात ते पाहा. सॅमसंगच्या २५आर या २५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलची सतत प्रवाहाची मर्यादा २० अँपिअर आहे. त्याच कंपनीच्या ३०क्यू या ३००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलची १५ अँपिअर. याहून बरीच जास्त मर्यादा असलेले या आकाराचे सेल मोजकेच आहेत. काही सेलच्या वेष्टनावर ४० अँपिअर छापलेले असते; तो आकडा क्षणिक प्रवाहाचा असतो, आणि ‘क्षणिक’ म्हणजे किती सेकंद, याची सर्वमान्य व्याख्याच नाही.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की झुरका चार सेकंदांचाच असतो, त्यामुळे सतत प्रवाहाची मर्यादा येथे लावू नये. यात अंशतः तथ्य आहे: छोट्या झुरक्यांमध्ये सेलला थंड व्हायला वेळ मिळतो. पण सतत प्रवाहाची मर्यादा पाळायची ती बटण अडकले, बॅगेत दाबले गेले किंवा वेळ मोजणारे सर्किट नादुरुस्त झाले तर काय, या प्रसंगासाठी. नेहमीच्या झुरक्यात सगळे ठीक चालते म्हणून सुरक्षिततेसाठी राखलेले ते अंतर खाऊन टाकणे मला मान्य नाही.

ऊर्जेचा हिशेबही कोणाला करता येईल. २५०० मिलिअँपिअर-तास आणि ३.६ व्होल्ट म्हणजे एका सेलमध्ये ९ वॉट-तास, दोन्हींत मिळून १८. २०० वॉटवर ही ऊर्जा कागदावरसुद्धा ५ मिनिटे २४ सेकंदच पुरते, म्हणजे चार सेकंदांचे ८१ झुरके. प्रत्यक्षात दाब लवकर कोसळत असल्याने त्याहूनही कमी मिळतात, आणि पडद्यावर बॅटरी कमकुवत असल्याची सूचना येऊन मॉड स्वतःच वॉट खाली आणतो. ६० वॉटवर हेच सेल हिशेबाने १८ मिनिटे चालतात. शिवाय मॉड जास्तीत जास्त ७.५ व्होल्ट देत असेल, तर ०.५ ओहमच्या कॉइलवर त्याला ११२ वॉटच्या वर जाताच येत नाही, मग पडद्यावर आकडा कितीही लावा. २०१५ मध्ये इव्हॉल्व्ह कंपनीचा डीएनए २०० हा मॉडचा सर्किट बोर्ड आला तेव्हा तो २०० वॉटसाठी तीन सेलच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) पॅकवर आखलेला होता. तिसरा सेल तिथे हौसेखातर दिलेला नव्हता.

कॉइलच्या रोधाविषयीचा दावा जुन्या मेकॅनिकल मॉडच्या काळातून आला आहे आणि तिथे तो बरोबर होता. मेकॅनिकल मॉडमध्ये बॅटरी आणि कॉइल यांच्यामध्ये काहीही नसते, त्यामुळे ४.२ व्होल्ट भागिले ०.२ ओहम म्हणजे २१ अँपिअर, आणि रोध ०.१ केला की थेट ४२. रेग्युलेटेड मॉडमध्ये मात्र मध्ये सर्किट असते. ८० वॉटवर ०.१५ ओहमच्या कॉइलमधून सुमारे २३ अँपिअर जातात आणि ०.५ ओहमच्या कॉइलमधून साडेबारा, पण दोन्ही वेळा बॅटरीकडून मागितली जाते ती ऊर्जा सारखीच, कारण सेलवरचा भार वॉट आणि सेलचा त्या क्षणीचा दाब यांवर ठरतो. त्यामुळे रोध सुरक्षित ठेवला म्हणून वॉट निर्धास्त वाढवणारा माणूस नेमकी चुकीची गोष्ट सांभाळत असतो. याहून महत्त्वाची बाब या मजकुरात कुठेच आलेली नाही. मेकॅनिकल मॉडमध्ये सेल उतरत जाईल तसा प्रवाह कमी होतो. रेग्युलेटेड मॉडमध्ये तो वाढत जातो, कारण सर्किट कमी दाबातूनही तेवढेच वॉट काढत राहते. सेलवर सर्वाधिक ताण पडतो तो पडद्यावरची शेवटची रेघ उरलेली असताना.

संरक्षणांचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. चांगल्या मॉडमधील संरक्षणे खरी असतात आणि उपयोगाचीही असतात: कॉइलमध्ये शॉर्ट झाला तर प्रवाह तुटतो, सेल मर्यादेपलीकडे उतरू दिला जात नाही, बोर्ड तापला तर मॉड थांबतो, बरेच मॉड साधारण १० सेकंदांनी झुरका आपोआप बंद करतात. पण ही सगळी राखण सर्किटच्या पुढच्या बाजूची आहे. सेलच्या आत किंवा सेल आणि मॉडचे धातूचे अंग यांच्यामध्ये जे घडते, तिथे सर्किटचा हात पोहोचत नाही.

एक सेल हातात घेऊन वरचे टोक नीट पाहावे. मधली गोल टोपी धन टोक असते. तिच्याभोवती एक पातळ इन्सुलेटर चकती असते आणि चकतीच्या लगेच बाहेर सेलच्या डब्याची दुमडलेली कड असते. ती कडच नव्हे, तर सेलचा सबंध डबा ऋण टोक असतो. धन आणि ऋण यांच्यामध्ये तिथे दोन-तीन मिलिमीटरच अंतर असते, आणि ते सांभाळते प्लास्टिकचे एक पातळ वेष्टन. सेल रोज काढताना-घालताना मॉडच्या संपर्कपट्टीवर घासून हे वेष्टन नेमके त्या कडेवर फाटते. नखाएवढी चीर पडली तरी डब्याचा धातू उघडा होतो, आणि तो चुकीच्या जागी टेकला तर शॉर्ट सेलपाशीच, मॉडच्या सर्किटच्या अलीकडेच, होतो. अशा वेळी पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. वेष्टन बदलायला काही मिनिटे लागतात, साहित्यही स्वस्त असते. चीर पडलेला सेल तसाच वापरत राहण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने जुलै २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २००९ ते २०१६ या काळात माध्यमांतून नोंदल्या गेलेल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना तपासल्या आहेत. त्यांतील ६१ घटना उपकरण किंवा सुटी बॅटरी खिशात असताना घडल्या, ६० वापर चालू असताना आणि ४८ चार्जिंगच्या वेळी. या घटनांत सर्व प्रकारची उपकरणे आहेत, त्यामुळे त्यांचे खापर जास्त ताकदीच्या मॉडवर फोडणे योग्य नाही, आणि वापरणाऱ्यांची संख्या पाहता त्या विरळाच म्हणाव्या लागतील. पण सर्वांत मोठा गट खिशातला आहे, हे लक्षात घ्यावे. सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात टाकला तर मॉडमधील एकही संरक्षण उपयोगी पडत नाही. सेलसाठी प्लास्टिकची डबी हवीच. स्फोटात मृत्यू झाल्याच्या घटनाही अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत: २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये.

वॉट वाढवले की चव वाढते, हे एका मर्यादेपर्यंत खरे आहे. जाड, वळणावर वळण गुंडाळलेली कॉइल तापायला ऊर्जा जास्त घेते, आणि कमी ताकदीच्या मॉडवर तिचा झुरका अर्धा होईपर्यंत नीट वाफच येत नाही. पण बहुतेक तयार कॉइलवर वॉटचा पल्ला छापलेला असतो, उदाहरणार्थ ४० ते ८० वॉट, आणि तो कॉइलमधला कापूस किती वेगाने लिक्विड ओढू शकतो त्यावर ठरतो. त्या पल्ल्याच्या वर गेले की कापसाकडून येणाऱ्या लिक्विडपेक्षा उडून जाणारे लिक्विड जास्त होते. लिक्विडमधील प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते आणि ग्लिसरीन २९० अंशांना. जोवर कॉइल ओली असते तोवर हे उकळणेच तिचे तापमान आवरून धरते. कापूस कोरडा पडला की तो आवर सुटतो आणि घशाला जाळणारा झुरका येतो. त्या उष्णतेत द्रावणाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि ॲक्रोलिन ही घातक रसायने तयार होतात. जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार ३.३ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली नाहीत, ५ व्होल्टवर आढळली. ५ व्होल्टवरचा तो झुरका कोणीही सहन करणार नाही इतका कोरडा होता, असा त्यावर आक्षेप घेतला गेला आणि तो आक्षेप मला वजनदार वाटतो. परंतु वॉट बेधडक वाढवा असा सल्ला देणाऱ्याला त्या आक्षेपाचा आधार घेता येणार नाही, कारण तो सल्ला माणसाला त्याच कोरड्या झुरक्याकडे नेतो. तापमान नियंत्रणाचा मोड हा धोका कमी करतो, पण त्यासाठी निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलची तार लागते; कँथल या नेहमीच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नसल्याने मॉडला तिचे तापमान ओळखता येत नाही.

निकोटीनच्या दाव्याला साधा गुणाकार पुरेसा आहे. जास्त वॉटवर दिवसाला १० मिलिलिटर लिक्विड सहज संपते, आणि ३ मिलिग्रॅमच्या दराने त्यात ३० मिलिग्रॅम निकोटीन असते. छोट्या उपकरणात १८ मिलिग्रॅमचे २ मिलिलिटर लिक्विड वापरणाऱ्याच्या वाट्याला ३६ येते. फरक आहे, पण पहिल्याला नगण्य म्हणता येणार नाही. पाण्याच्या वाफेविषयी तर फार लिहिण्याची गरज नाही: हा ढग मुख्यतः ग्लायकॉल आणि ग्लिसरीनच्या सूक्ष्म थेंबांचा असतो आणि त्यात निकोटीन व स्वादद्रव्येही असतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०१८ मध्ये त्यात कॉइलकडून आलेले निकेल, क्रोमियम आणि शिसे यांसारखे धातूही सापडले. सिगारेट सोडून इकडे आलेल्या माणसासाठी तुलना धुराशी आहे. ज्याने कधीच धूम्रपान केलेले नाही त्याच्यासाठी ती स्वच्छ हवेशी आहे, आणि त्याने या वाटेला जाऊ नये.

उरतो तो महिनाभराचा अनुभव. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण नव्या सेलवर घेतलेला तो अनुभव आहे. सेल जसजसा भरला-उतरवला जातो तसतसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो, त्याच वॉटवर त्याचा दाब अधिक कोसळतो आणि तो अधिक तापतो. जोडीतला एक सेल दुसऱ्यापेक्षा जुना असेल तर तो आधी रिकामा होतो. म्हणूनच दोन्ही सेल एकाच बनावटीचे, एकाच दिवशी घेतलेले आणि कायम एकत्रच वापरलेले असावेत. यातले काहीही पहिल्या महिन्यात दिसत नाही. त्याहून मोठी उणीव ही की कोणते सेल वापरले, रोज किती वॉटवर वापरले आणि कॉइल कोणती होती, याचा त्या मजकुरात उल्लेखच नाही. तो मालक रोज ७० वॉटवर वापरत असेल, तर त्याच्या प्रत्येक सेलमधून अखेरच्या टप्प्यातही सुमारे १२ अँपिअरच जात होते, जे २० अँपिअरच्या सेलला आरामात झेपते. मग तो मॉड समाधानकारक वाटला यात नवल नाही, आणि दोन सेलचा मॉड विकत घेण्याचे ते चांगले कारणही आहे. पण तो अनुभव ७० वॉटचा ठरतो, आणि २०० वॉटवर कोणतीही बॅटरी चालते असे त्यावरून कोणालाही सांगता येत नाही.