नव्या घोड्याला जुनं खोगीर

नवा लॅपटॉप घेतलात, अभिनंदन. पेढे वाटून झाले असतील, हळदकुंकू लावून झालं असेल, झाकणावरचं प्लास्टिक 'राहू दे चार दिवस' म्हणून तसंच असेल. बटण दाबलं की दहाव्या सेकंदाला चालू, आवाज नाही, तापणं नाही. थोडक्यात, घरात काहीच बिघडलेलं नाही. मग रविवारी करायचं काय? त्यावर विंडोज ७ टाका.

सातच का, असं विचारू नका. एक्सपी टाकलंत तर लोक वेड्यात काढतील, व्हिस्टा टाकलंत तर कीव करतील. सातचा घरंदाजपणा अजून टिकून आहे. २२ ऑक्टोबर २००९ ला, दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेलेले असताना, ते बाजारात आलं आणि १४ जानेवारी २०२० ला, ऐन भोगीच्या दिवशी, मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट संपवला. पैसे मोजणाऱ्या कंपन्यांना पुढे तीन वर्षं सुरक्षेची अपडेट मिळत राहिली, म्हणजे तिन्ही वर्षश्राद्धं थाटात झाली. इतक्या रीतसर गेलेल्या माणसाला उठवून नव्या घरात आणायचं तर कारणही तेवढंच भक्कम हवं. 'मला ते आवडतं' हे कारण बायकोसमोर टिकत नाही.

माझ्याकडे जंगी कारण होतं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. बाबांनी तो १९९८ साली छापला, पेजमेकर ६.५ या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये, तेव्हाच्या एका मराठी फॉन्टात. आता दुसरी आवृत्ती काढायची, कारण पहिलीत ज्या चुलतभावापुढे 'अविवाहित' लिहिलंय त्याचा मुलगा यंदा अकरावीला आहे. घोडं पेंड खातं ते फॉन्टापाशी. तो युनिकोड नव्हे, ज्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा असतो. म्हणजे 'क'च्या जागी 'क' नसतोच. असतं एखादं रोमन अक्षर नाहीतर खूण, आणि फॉन्ट तिला 'क'चा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसेल तर मुखवटा गळतो. नव्या लॅपटॉपवर मजकूर उघडला, तर आमचे मूळपुरुष कंस, डॉलर, टक्के आणि डोक्यावर छत्री धरलेला ए अशा रूपात प्रकटले. नऊ पिढ्या, आणि एकाचंही नाव वाचता येईना. तसं युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून आली. पण हे डीटीपीवाल्यांना सांगायला जाऊ नका, लग्नसराई चालू आहे.

इथे काही भित्री माणसं सुचवतील की लॅपटॉप आहे तसा ठेवा आणि आतच व्हर्च्युअल मशीन करा. व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं, तासाभरात जुनं विंडोज एका खिडकीत चालू लागतं, काम झालं की खिडकी बंद. मजकूर युनिकोडात बदलून देणारे कन्व्हर्टरही आहेत, रफार आणि जोडाक्षरं तेवढी डोळ्यांखालून घालावी लागतात. अशांशी वाद घालू नका. रायगड रोपवेने चढणाऱ्यांतले हे लोक.

आपण पायऱ्यांनी जाऊ. सगळ्यात आधी एक दुसरा कॉम्प्युटर हाताशी ठेवा, कारण लवकरच पहिला कॉम्प्युटर राहणार नाही. आमच्याकडे जुना लॅपटॉप होता. उजवं बिजागर तुटलेलं, बॅटरी मेलेली, चार्जर काढला की डोळे मिटणारा, आणि स्क्रीन मागे पडू नये म्हणून पाठीशी गव्हाच्या पिठाचा स्टीलचा डबा. बिचारा सांगेल ते उतरवून घेतो. त्याच्यावर सातचा इन्स्टॉलर, ड्रायव्हर (म्हणजे एकेका सुट्या भागाशी विंडोजची बोलणी करून देणारे दुभाषे), आणि परदेशातल्या कुणा अनोळखी परोपकाऱ्याने बनवलेली झिप फाइल उतरवा. अँटिव्हायरस ओरडेल, त्याला गप्प करा. घरातला तो एकटाच शहाणा, आणि शहाण्याचं कुणी ऐकत नाही.

मग नव्याच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात, शिरा. कुणाचं एफ२ ने उघडतं, कुणाचं एफ१० ने, कुणाचं डिलीटने. नेमकं कोणतं ते कळेपर्यंत मशीन विंडोज ११ मध्ये पोचलेलं असतं, पुन्हा सुरू करा. आत सिक्युअर बूट नावाचा वॉचमन बसलेला आहे. सही ओळखीची नसेल तर तो गेटातून आत सोडत नाही, आणि सातची सही त्याच्या वहीत नाही. त्याला रजा द्या. पुढे सीएसएम, म्हणजे जुन्या काळच्या बायोसचं सोंग घेणारी सोय, ती चालू करा. सातला स्क्रीनवर काही काढायचं तर जुन्या पद्धतीचा व्हिडिओ बायोस लागतो. तो नसेल तर ते 'विंडोज सुरू होत आहे' या पाटीपाशीच थिजतं. इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं की ही सोय २०२० पर्यंत काढून टाकायची आहे. तेव्हा तुमचा लॅपटॉप फारच नवा असला तर सीएसएम ही ओळच दिसणार नाही. दिसली नाही तर लेख इथेच मिटा, तुमचं नशीब बलवत्तर आहे.

माझ्याकडे ती ओळ होती.

आता सात ३२-बिटचं टाकायचं की ६४-बिटचं? अर्थात ६४. यूईएफआय म्हणजे बायोसचा आजचा अवतार, त्यातून ३२-बिटचं सात उठतच नाही, आणि उठलं तरी तुमच्या १६ जीबी रॅमपैकी जेमतेम सव्वातीन जीबी जेवून ताटावरून उठतं. आम्ही पैसे मोजलेत, रॅम पुरेपूर वापरली गेली पाहिजे. डिस्कवर रिकव्हरी नावाचं एक पार्टिशन दिसेल, ते जागा अडवतं म्हणून उडवा. परतीचे दोर कापल्याशिवाय आपल्याकडे कुणी लढत नाही.

पेनड्राइव्ह लावा. इन्स्टॉलर उठतो. टचपॅड मुडदा, कारण नवे टचपॅड ज्या वाटेने बोलतात ती वाट सातच्या नकाशात नाही. माउस लावला, तोही मुडदा. कीबोर्ड मात्र चालतो, कारण लॅपटॉपचा कीबोर्ड आतल्या आत अजूनही बहुतेक वेळा १९८७ च्या पीएस/२ रिवाजानेच जोडलेला असतो. टॅब, टॅब, बाण, एंटर. आणि मग तो नम्रपणे कळवतो की सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही.

तुमच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. तुम्ही सीडी लावलेली नाही. घरात शेवटची सीडी पाहिली ती गॅलरीत, कबुतरं हाकलायला दोऱ्याने टांगलेली. घाबरू नका, त्याला म्हणायचंय वेगळंच. ज्या पेनड्राइव्हवरून मी आलो तो मला दिसत नाही, असं त्याचं म्हणणं आहे. पहिल्या टप्प्याला लॅपटॉपचं फर्मवेअर त्याला पेनड्राइव्हवरून उचलून मेमरीत आणून ठेवतं. मग विंडोज स्वतःच्या पायावर उभं राहतं, वळून यूएसबीकडे बघतं आणि ओळख देत नाही. पाहुण्याने एसटीतून उतरावं आणि 'आपल्या गावाला एसटी येते का हो' असं कंडक्टरलाच विचारावं, तशातली गत. बिचाऱ्याचा दोषही नाही. सात तयार होत होतं तेव्हा यूएसबी ३ नुकतंच कागदावर उतरलं होतं.

या टप्प्यावर कुणीतरी मित्र फोनवर सांगेलच, 'निळ्या पोर्टात नको, काळ्यात लाव.' सल्ला उत्तम आहे, फक्त २०१२ सालचा आहे. २०१५ च्या, प्रोसेसरच्या सहाव्या पिढीपासून इंटेलने नेहमीच्या चिपसेटमधून जुना यूएसबी २ चा कंट्रोलरच काढला. पोर्ट काळं असो की निळं, आत मालक एकच. तरी तिन्ही पोर्टांत पेनड्राइव्ह लावून बघा, मग त्याच क्रमाने उलटं. प्रदक्षिणेचं पुण्य कुठे जात नाही.

खरा इलाज म्हणजे ड्रायव्हर आधीच इन्स्टॉलरच्या पोटात भरायचा. पोटात दोन विम फायली, म्हणजे विंडोजची बांधलेली गाठोडी आहेत, एक बूट आणि एक इन्स्टॉल. बूटच्या आत पुन्हा दोन कप्पे. इन्स्टॉलर चालतो तो दुसऱ्या कप्प्यातून. जाणता माणूस काय करतो, तर काळ्या खिडकीत डिझमची, म्हणजे ही गाठोडी उघडून आत भर घालणाऱ्या अवजाराची, वीतभर लांब आज्ञा टाइप करून ड्रायव्हर पहिल्या कप्प्यात भरतो, पेनड्राइव्ह पुन्हा बनवतो, चहा घेतो, आणि परत त्याच सीडीचा निरोप वाचतो. मी हे दोनदा केलं. दुसऱ्यांदा तर एकचा आकडा टाइप करताना तो मोठ्याने म्हटलाही. जुना लॅपटॉप प्रत्येक वेळी मुकाट्याने घरघरत फाइल बनवून देत होता. डब्याला टेकून.

यूएसबी सुटलं की डिस्क दिसत नाही. नवी डिस्क एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान जातीची, सातला ती भाषाच येत नाही, त्यासाठीचे पॅच वेगळे. तेही पोटात भरा. याहून जास्त मी त्यावर बोलणार नाही, तो सोमवार होता आणि मी रजा टाकली होती.

आणि मग, मंगळवारी पहाटे कधीतरी, ते येतं. निळा पडदा, मधोमध चौरंगी झेंडा. डोळ्यांत पाणी येतं, पण नीट दिसत नाही म्हणून. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही, सगळं १०२४ बाय ७६८ मध्ये आडवं ताणलेलं, रिसायकल बिन दहीहंडीच्या हंडीसारखा पसरट. ब्राइटनेस कमी होत नाही, पहाटे तीनला स्क्रीन हॅलोजनसारखी तोंडावर. ती ओळखीची सुरावट ऐकू येईल म्हणून कान टवकारावेत, तर आवाजाचाही ड्रायव्हर नाही. स्लीपचा पर्याय करडा, कारण नव्या लॅपटॉपची झोपायची तऱ्हाच बदलली आहे आणि सातला माहीत आहे ती झोप त्यांनी बनवणंच सोडलं. मशीनला झोप नाही, मालकाला नाही.

वायफायचा ड्रायव्हर टाकायला घ्या. तो सातला मान्य नाही, कारण त्याच्यावरची डिजिटल सही नव्या धाटणीची आहे. नवी सही वाचायला अपडेट लागतं. अपडेटला इंटरनेट लागतं. इंटरनेटला वायफाय लागतं. रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला आणि रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड, हे ज्यांनी सोसलंय त्यांना घरच्यासारखं वाटेल. पुन्हा जुन्या लॅपटॉपकडे जा, अपडेटची फाइल घेऊन या. एवढं करून इंटरनेट आलंच, तर आत इंटरनेट एक्स्प्लोरर ८ आहे. आजच्या वेबसाइट ज्या कुलपाने दार लावतात त्या टीएलएस १.२ ची किल्ली त्याच्या खिशात आहे, पण खिसा शिवलेला आहे. क्रोम टाकावं म्हणाल तर त्याची सातसाठीची शेवटची आवृत्ती १०९. आणि प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा पुढचा निघाला तर विंडोज अपडेट स्वतःच कळवतं की या हार्डवेअरशी आमची पत्रिका जुळत नाही. हा खोडा २०१७ पासूनचा आहे. तो सोडवणारी परोपकारी झिप फाइलही असतेच. अँटिव्हायरस ओरडेल, पण तो आता जुन्या लॅपटॉपवरच राहिला.

बुधवारी रात्री बाबांना हाक मारा. 'झालं, बसा.' ते चष्मा पुसून, खुर्ची ओढून बसतात. फॉन्टाचा सेटअप चालवायला घ्या, १९९० च्या दशकातला, सीडीवरून कधीकाळी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलेला. डबल क्लिक. एक पाटी येते. मथितार्थ असा, की हा प्रोग्रॅम १६-बिटचा आहे आणि ६४-बिटचं विंडोज १६-बिटचं काही चालवत नाही. याला माझ्याकडे ड्रायव्हर नाही, पॅच नाही, झिप फाइल नाही. मग ३२-बिट टाकू म्हणाल, तर तो परिच्छेद पुन्हा वाचा, जिथे आपण रॅमचे पैसे वसूल करत होतो.

बाबा थोडा वेळ पाटीकडे बघतात. मग विचारतात, 'अरे, आणि त्याच्यावर चालत नाही का?'

'त्याच्यावर' म्हणजे जुन्या लॅपटॉपवर. ज्यावर ३२-बिटचं विंडोज ७ गेली बारा वर्षं आहे. ज्यावर पेजमेकर आहे, तो फॉन्ट आहे, आणि कुलवृत्तांताची फाइल डेस्कटॉपवर आहे. ज्याच्यावर बसून तुम्ही चार दिवस नव्यासाठी ड्रायव्हर उतरवत होतात. बाबा चार्जर तपासतात, फाइल उघडतात, नऊच्या नऊ पिढ्या काना-मात्रेसकट हजर. 'अविवाहित' खोडतात, सुनेचं नाव, माहेरचं आडनाव, मुलाचं नाव. दहा मिनिटांचं काम.

आता एकच अडचण उरते. आईला दळणाला डबा हवा असतो, आणि डबा काढला तर स्क्रीन मागे पडते. तेव्हा नवा लॅपटॉप मिटा आणि उभा करून जुन्याच्या पाठीशी लावा. वजनाला फारच हलका असतो हो, त्याच्या मागे वीट नाहीतर कुलवृत्तांताची पहिली आवृत्ती ठेवा. मिटण्याआधी शटडाउन करायला तेवढं विसरू नका, तो झोपत नाही.