मुलींना काहीही न सांगण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

आपल्या घरात किंवा शाळेत दहा-अकरा वर्षांची मुलगी असेल आणि तिच्या शरीरातील बदलांविषयी तिच्याशी कोणीतरी बोलायला हवे, अशी कुजबुज सुरू झाली असेल, तर आपण मुळीच घाबरू नये. विषय टाळण्यासाठी निसर्गाने आपल्याला भरपूर मुदत दिलेली आहे. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारणपणे 8 ते 13 या वयात, बहुधा स्तनांच्या वाढीने होते आणि पहिली पाळी त्यानंतर सुमारे दोन ते अडीच वर्षांनी येते. एवढी आगाऊ सूचना वाया घालवायला कसब लागते. त्यासाठी पाळी येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ‘ती अजून लहान आहे’ असे म्हणत राहावे आणि दुसऱ्या दिवसापासून ‘आता तिला सगळे कळतच असेल’ असे म्हणू लागावे.

शाळेला एखादे मार्गदर्शनपर व्याख्यान ठेवणे भागच पडले, तर सर्वप्रथम मुलांना मैदानावर पिटाळावे, म्हणजे मुलींची चेष्टा करण्यापुरते अर्धवट ज्ञान त्यांना आपापल्या मार्गाने मिळवता येईल. गर्भाशयाची आकृती कोणाच्या नीट नजरेत भरणार नाही इतक्या वेगाने दाखवावी. शेवटी भरल्या सभागृहात ‘कोणाला काही शंका?’ असे खड्या आवाजात विचारावे आणि त्यानंतर पसरणारी शांतता ही विषय समजल्याची खूण मानून अहवालात नोंदवावी. निनावी चिठ्ठ्या टाकण्यासाठी पेटी मात्र चुकूनही ठेवू नये, कारण चिठ्ठ्या खरोखरच येतात. एक स्तन दुसऱ्यापेक्षा मोठा का, पाळी सुरू होण्याआधीच पांढरे का जाते, मागच्या महिन्यात आलेली पाळी या महिन्यात का आली नाही, असे प्रश्न त्यांत असतात. सुरुवातीची एक-दोन वर्षे स्त्रीबीज दर महिन्याला सुटतेच असे नाही आणि त्यामुळे या वयात दोन पाळ्यांमध्ये 21 ते 45 दिवसांचे अंतर असू शकते, हे सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत. तरी सांगू नये. तिला 28 हा एकच आकडा द्यावा आणि दर महिन्याला बोटे मोजत काळजी करू द्यावी.

आता संस्कृतीविषयी. संस्कृतीची कदर राखून हे शिक्षण देता येते असे काही लोक सांगतात. त्यांच्या नादी लागल्यास फार काम करावे लागते. आया-आज्यांना आधी भेटा, त्यांच्या शंका ऐकून घ्या, मुलींना संकोच वाटणार नाही अशी स्त्री बोलायला आणा, घरात बोलली जाते तीच भाषा वापरा, आणि घरची रीत कोणती व शरीराचे सत्य कोणते, हे कोणाचाही अपमान न करता वेगळे करून दाखवा, असा हा उपद्व्याप असतो. आपली पद्धत सोपी आहे: ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ असे म्हणून धड्याची पाने उलटावीत. संवेदनशीलता नेमकी कोणाची जपली जात आहे, असे कोणी विचारलेच, तर वर्गातील सर्वांत लाजाळू व्यक्ती फळ्यासमोर उभी आहे, हे कळू देऊ नये. अशा शिक्षणामुळे मुले बिघडतात, हेही ठासून सांगावे. लैंगिक शिक्षणाने लैंगिक संबंधांचे वा धोकादायक वर्तनाचे प्रमाण वाढत नाही, असे युनेस्कोच्या 2018 च्या सुधारित मार्गदर्शिकेत पुराव्यांनिशी नमूद आहे, म्हणून ती पुस्तिका कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात ठेवावी.

पोटदुखीच्या बाबतीत कठोर राहावे. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे गर्भाशय आकुंचन पावते, त्यातून कळा येतात आणि शेकाने किंवा डॉक्टरांनी सुचवलेल्या गोळीने त्या बऱ्याचदा कमी होतात, ही माहिती मुलीच्या हाती पडली तर सहनशीलतेचा संस्कार अपुरा राहील. दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक लांबत असेल किंवा दुखण्यामुळे महिन्यामागून महिना शाळा बुडत असेल, तरी त्याला नखरे म्हणावे. रक्तस्रावामुळे शरीरातील लोह कमी होऊन तिला धाप लागू लागली, की ती नीट जेवत नाही म्हणून रागवावे, आणि त्याच जेवणाच्या वेळी तिचे वजन वाढल्याचेही सर्वांसमक्ष सांगावे. या वयात मांड्या आणि नितंबांवर चरबी वाढणे हा वाढीचाच भाग असतो. त्यामुळे टोमणा मारण्यास याहून योग्य काळ सापडणार नाही, शिवाय एकदा मारलेला टोमणा पुढे कित्येक वर्षे आपोआप काम करीत राहतो.

एखादी धीट मुलगी तरीही विचारेल की, वर्गातल्या सगळ्यांना पाळी आली, मग मलाच का नाही? शिक्षिकेने तिला ‘आईला विचार’ असे सांगावे, आईने ‘शाळेत शिकवतील’ असे सांगावे, आणि मावशीने विषय बदलावा. ही टोलवाटोलवी वर्षानुवर्षे चालवता येते. फक्त 15 व्या वर्षापर्यंत पाळी सुरू झाली नसेल तर डॉक्टरांना दाखवायचे असते, हे ठाऊक असलेले कोणी या साखळीत शिरणार नाही, एवढी दक्षता घ्यावी.