सोयावडीचा सीमाप्रश्न

रविवारी सकाळी सात वाजता स्टीलचा डबा पिशवीत घालून मी घराबाहेर पडलो, की आमच्या वडगावातल्या गल्लीत मला कुणी ‘कुठं चाल्लासा सर?’ म्हणून विचारत नाही. एरवी कोथिंबीर आणायला निघालो तरी दहा पावलांवर एकेकजण विचारतो. रविवार आणि बुधवार हे बेळगावात विचारपूस करायचे वार नव्हेत. ते रांगेत उभं राहायचे वार आहेत.

माझा मटणवाला गेली बावीस वर्षं तोच आहे. ‘मांडीचं घालू काय वो सर?’ असं तो विचारतो, पण ते रीत म्हणून. हात केव्हाच चालू झालेला असतो. मांडी, दोन चापा, एक नळी, कलेजीचा नखाएवढा तुकडा आणि चरबी वासापुरती. तीस वर्षं खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवून मी जेवढा अचूक झालो नाही, तेवढा तो एका सुरीवर झालेला आहे.

अशा सुरळीत संसारात मे महिन्यात रक्ताचा रिपोर्ट आला. एलडीएल १७८. डॉक्टर कानडी, मी मराठी, पण कोलेस्टेरॉलला दोन्हीकडं शब्द एकच असल्यामुळं गैरसमजाला जागा उरली नाही. ‘मटण तिंगळिगे ओम्मे, सर,’ ते म्हणाले. म्हणजे महिन्यातून एकदा. दवाखान्यातनं घरी पोचेपर्यंत आमच्या हिच्या तोंडी ते ‘सणावाराला एकदा’ झालं होतं, आणि रात्री बेंगळूरला लेकीला फोन गेला तेव्हा ‘डॉक्टरांनी कायमचं बंद केलंय’ असं झालं होतं.

लेक आठ महिन्यांपूर्वी वीगन झाली आहे. वीगन म्हणजे दूध, दही, तूप, मध, सगळंच बंद. दूध आटवून केलेल्या कुंद्याच्या गावात जन्मलेल्या मुलीनं दूध सोडावं, हा धक्का मी अजून पचवतोय. तिनं मात्र बातमी ऐकून समाधानाचा सुस्कारा टाकला आणि आषाढातल्या पहिल्या रविवारी रात्रीच्या गाडीनं थर्माकोलची पेटी घेऊन दारात उभी राहिली. पेटीत बर्फ, बर्फात दोन पाकिटं, पाकिटावर रश्श्यात बुडालेल्या खिम्याचा फोटो, वर हिरवा ठिपका आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘प्लांट बेस्ड मटण खिमा’. पाव किलोच्या पाकिटाची किंमत वाचून मी चष्मा पुसला. त्यात थोडी भर घातली असती तर माझ्या मटणवाल्यानं अर्धा किलो खरं दिलं असतं, आणि नळी वर.

‘बाबा, आता सगळे हेच खातात,’ लेक म्हणाली. ‘रितेश-जेनेलियानी २०२१ मध्ये ह्याचीच कंपनी काढली.’

‘बघा,’ ही लगेच म्हणाली, ‘लातूरच्या देशमुखांना चालतंय, तुमचं काय जातंय?’

आता विज्ञानाच्या मास्तराच्या हातात पाकीट दिलं की तो आधी मागची बाजू वाचणार. सोयाचं प्रथिन, वाटाण्याचं प्रथिन, खोबरेल, रंगासाठी बीट आणि मिथाइल सेल्युलोज. हा शेवटचा पदार्थ मोठा नामी आहे. बाकीचं जग तापलं की वितळतं. हा तापला की घट्ट होतो आणि गार झाला की सैल पडतो. आमच्या शाळेत असे एक हेडमास्तर होते.

त्या रात्री मी मोबाईलवर बसून बरंच वाचलं. ५ ऑगस्ट २०१३ रोजी लंडनमध्ये मार्क पोस्ट नावाच्या डच शास्त्रज्ञानं गाईच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा बर्गर तळून दाखवला होता. खर्च अडीच लाख युरो. तेवढ्यात आमच्याकडची एक लक्ष्मी यात्रा, पाहुण्यांच्या पाहुण्यांसकट, जेवून हात धुऊन गेली असती. एवढं करून चाखणारे म्हणाले की चरबी नसल्यामुळं जरा कोरडं लागतंय. हे तर माझ्या मटणवाल्यानं फुकट सांगितलं असतं.

पण खरा चटका पुढंच होता. कॅलिफोर्नियातल्या इम्पॉसिबल फूड्सनं बर्गरला रक्ताळ चव आणायला जे द्रव्य वापरलं, ते मूळचं सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतलं. लेगहिमोग्लोबिन. आता कंपनी ते यीस्टकडून करून घेते, ते सोडा. तीस वर्षं मी पोरांना शेताच्या बांधावर नेऊन शेंगवर्गीय रोपं उपटून दाखवली, गाठ नखानं फोडून ‘बघा, आतनं गुलाबी असते’ म्हणून सांगितलं, गाठीत राहणाऱ्या रायझोबियम जीवाणूचं स्पेलिंग पाठ करून घेतलं. आणि त्या गुलाबी रंगात मटणाची चव आहे हे मला निवृत्तीनंतर कळावं!

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीनं स्वतः खिमा केला. कांदा, खोबरं, आलं-लसूण, संकेश्वरी मिरचीची पूड, सगळं आमच्या घरचं. वास सुटला तेव्हा मी जरा हललो, हे कबूल करतो. आणि नेमके त्याच वेळी तात्या आले.

तात्या म्हणजे माझे चुलते. वय ब्याऐंशी, मुक्काम खानापूरकडचं खेडं, बेळगावला डोळे दाखवायला आलेले. गेली चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ. त्याआधी मात्र यात्रेच्या मटणाचा हंडा पंचक्रोशीत त्यांच्याशिवाय कुणी चुलीवर चढवत नसे. अजूनही भाऊबंदांच्या घरी मटण शिजत असलं की ते लांब ओट्यावर बसून आत निरोप पाठवतात, ‘मीठ कमी हाय बघा.’ आणि असतंच.

‘आजोबा, हे तुम्हालापण चालतंय,’ लेक उत्साहानं म्हणाली. ‘सगळं सोयाबीनचं आहे. हिरवा ठिपका बघा.’

तात्यांनी उंबऱ्यातच उभं राहून नाकानं तपास केला. मग विचारलं, ‘पाकिटावर नाव काय लिवलंय गा?’

‘प्लांट बेस्ड मटण.’

‘मग झालं की. नाव मटणाचं, वास मटणाचा, रूप मटणाचं. पाप तेवढं सोयाबीनचं काय?’

‘खरं आजोबा, ठिपका हिरवा आहे.’

‘वर गेल्यावर पांडुरंगाला ठिपका दाखवू काय मी?’ तात्या म्हणाले आणि दहीभात मागून मोकळे झाले. दह्याकडं बघून आता लेकीनं तोंड फिरवलं.

राहिलो मी. पहिला घास उत्तम लागला, कारण तो मसाल्याचा होता. दुसऱ्या घासाला दात कामाला लागले आणि त्यांना काम सापडेना. स्पंजाची पट्टी चावल्यासारखं सगळं एकसारखं मऊ. आपल्याकडचं मटण म्हणजे नुसतं चव खाणं नव्हे, ती एक मेहनत आहे. नळी ताटावर आपटायची, ओढायची, नाही निघालं तर चमच्याच्या दांड्यानं कोरायची, आणि ‘मला नको, तू घे’ म्हणत दोघांनी एकाच नळीवर नजर ठेवायची. ह्या खिम्यात भांडायला काही नव्हतं.

तर पातेलं तसंच राहिलं. तात्यांना ते फारच मटण होतं आणि मला ते पुरेसं मटण नव्हतं. ओट्यावरच्या त्या पातेल्याकडं बघता बघता मला एकाएकी त्याची कणव आली. म्हटलं, अरे, हा तर आपलाच माणूस.

पुण्याला गेलो की भाचेसुना म्हणतात, ‘मामांचं मराठी कित्ती गोड, नाही?’ गोड म्हणजे अशुद्ध. मी ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हटलं की हसतात, ‘काय करूलास?’ म्हटलं की पुन्हा म्हणून दाखवायला लावतात. आणि बेंगळूरला लेकीच्या सोसायटीत वॉचमन कानडीत विचारतो, मी जिवाच्या आकांतानं कानडीत उत्तर देतो, आणि तो बिचारा माझ्यावर दया करून हिंदीत शिरतो. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली आणि मराठी बोलणारं बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं. तेव्हापासून आमचं हे असंच चाललंय. सीमा ठरवायला महाजन आयोग झाला, २००४ पासून महाराष्ट्राचा खटला सुप्रीम कोर्टात आहे, बेळगावचं सरकारी नाव २०१४ मध्ये बेळगावी झालं, आणि आम्ही पाकिटावर काय लिहिलंय ते न बघता भाकरी मोडतोय. सोयाच्या खिम्याला बोलता आलं असतं तर तो म्हणाला असता, सर, तुम्ही तरी समजून घ्या.

समजून घेतलं, पण खाल्लं नाही. उरलेलं दुसरं पाकीट फ्रीझरमध्ये गेलं.

लेक परत गेल्यावर हिनं मधला मार्ग काढला. आषाढाचा शेवटचा रविवार होता, पुढं महिनाभर श्रावण. एवढा एक रविवार मला पाव किलो मंजूर झालं. माणसं सहा, कारण अशा रविवारी पाहुण्यांना आपोआप कळतं. तेव्हा पाव किलोत भर म्हणून हिनं बाजारातल्या साध्या सोयावड्या घातल्या. साठ रुपयांचा पुडा. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनचं पीठ वाफेवर, दाबाखाली यंत्रातनं ढकललं की ह्या फुगून बाहेर पडतात. तात्या त्याला सरळ पेंड म्हणतात, ‘म्हशीला घालतात बघ ती.’ पण शंभर ग्रॅम कोरड्या वडीत बावन्न ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं, कच्च्या मटणात विसाच्या आसपास. हे मी पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं. वडी भिजली की पाण्यानं तिप्पट जड होते आणि हिशेब जवळपास बरोबरीवर येतो, हे सांगायचं राहिलं. तेच नडलं.

वड्या आधी भिजवून पिळून घ्यायच्या असतात. हिनं वेळ वाचवायला कोरड्याच रश्श्यात सोडल्या आणि वर झाकण ठेवलं. अर्ध्या तासानं उघडलं तर पातेल्यात रस्सा नाही! रस्सा जाऊन गाळ नव्हे, शिल्लक नव्हे, नाहीच. सगळा तांबडा, तवंग आलेला, पाव किलो मटणाचा अर्क वड्यांनी पिऊन टाकला होता आणि त्या टम्म फुगून, खरं मटण बाजूला सारून बसल्या होत्या. बेळगावात पाहुण्याला मटण कमी पडलं तर चालतं, रस्सा कमी पडला तर पुढच्या लग्नात निघतं.

मग जे झालं ते लिहायला मला शरम वाटते. सगळ्यांनी वड्याच मागून घेतल्या. मेहुणा म्हणाला, ‘दाजी, मटणाचं राहू दे, ते पेंडीचंच वाढा.’ चावली की रस्सा तोंडात उतरत होता. मला ताटात चार फोडी मटणाच्या आल्या, कोरड्या, चव निघून गेलेल्या. महिनाभराची परवानगी एका दिवसात खर्च झाली आणि तीही चोथ्यावर.

श्रावणात मात्र तात्यांचा पुतण्या एका सकाळी पानात बांधलेली अळंबी घेऊन आला. खानापूरच्या रानात वारुळांवर उगवलेली, पाऊस लागला की चार दिवस मिळणारी. वाळवी वारुळात बुरशी पोसते आणि ती वर छत्री काढते. हा धडाही मी शिकवत असे, पण त्याची भाजी पोरांना कधी दिली नाही. मागोमाग तात्याही आले. डोळ्यांचं निमित्त होतंच. हिनं मटणाचाच मसाला घातला.

‘अगदी मटणासारखी लागतेय गा,’ तात्या बोटं चाटत म्हणाले.

‘चाळीस वर्षं माळ आहे तात्या. तुम्हाला कसं आठवतंय?’

तात्यांनी रश्श्यात भाकरी कुस्करली, वर मला अजून एक पळी वाढायची खूण केली. ‘डोळं म्हातारं होतात. जीभ न्हाई.’

एवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. हिनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळं पलीकडं थेट आमची दोन ताटं दिसत होती.

‘बाबा! श्रावणात? आणि डॉक्टरांनी सांगितलेलं काय झालं?’

‘अळंबी आहे ती.’

‘मला काय लहान समजता काय? रंग बघा, तवंग बघा. आणि आजोबापण?’

मी हिच्याकडं बघितलं, हिनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी तोंडातला घास संपवला, फोनजवळ वाकले आणि मोठ्यानं म्हणाले,

‘काळजी करू नको गा पोरी. ठिपका हिरवा हाय.’